म्युनिक : चेस्टनटच्या सावलीतले पाच दिवस

घाटवाट (धागाकर्ता)

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन मी म्युनिकला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. निघण्यापूर्वीच बाबांनी एक अट घातली होती. रोज पहाटे उठवून बसमध्ये बसवायचे नाही, आणि दिवसाला एकापेक्षा जास्त ठिकाण दाखवायचे नाही. ही अट पाळायची म्हणून बहिणीने सुचवले, की राजवाडे आणि संग्रहालये बाजूला ठेवू आणि रोज एक उद्यान व त्याच्या आत किंवा जवळपास असलेले एक बिअरगार्टन, म्हणजे झाडांखाली बाक मांडलेली बिअरची मोकळी बाग, एवढेच करू. आमच्या चौघांत बिअर घेणारे आम्ही दोघे भावंडे. आई-बाबांनी मद्याला कधी स्पर्श केलेला नाही. त्यामुळे त्यांना तिथे अवघडल्यासारखे होईल, अशी मला मनापासून भीती होती. तसे झाले नाही, आणि ते का झाले नाही हे सांगण्यासाठीच हा धागा काढला आहे.

पहिल्या दिवशी आम्ही इंग्लिशर गार्टनमध्ये गेलो. हे उद्यान सुमारे ३७५ हेक्टरांचे आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षाही मोठे. १७८९ मध्ये, म्युनिक ज्याची राजधानी आहे त्या बव्हेरिया राज्याचा तेव्हाचा सत्ताधीश (इलेक्टर) कार्ल थिओडोर याच्या कारकिर्दीत, बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रमफोर्ड या अमेरिकेत जन्मलेल्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ते आखले गेले. सुरुवातीची कल्पना सैनिकांना शेतीसाठी तुकडे देण्याची होती, पण लवकरच सर्व नागरिकांसाठी उद्यान करण्याचे ठरले आणि फ्रीडरिश लुडविग फॉन श्केल या उद्यानरचनाकाराने त्याला आजचे रूप दिले. सरळ रेषेतल्या वाटा नाहीत, कापून चौकोनी केलेली झुडपे नाहीत. विस्तीर्ण गवताळ मैदाने, मध्येच झाडांचे पुंजके आणि खळाळत जाणारे पाण्याचे पाट. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. इसार नदीतून काढलेल्या आइसबाख या प्रवाहाच्या काठावर ते बराच वेळ नुसते उभे राहिले, पाण्याचा वेग डोळ्यांनी मोजत.

तिथून चालत आम्ही शिनेझिशर टुर्मला, म्हणजे चिनी मनोऱ्याला पोहोचलो. हा २५ मीटर उंचीचा पाच मजली लाकडी मनोरा लंडनच्या क्यू उद्यानातल्या पॅगोड्यावरून सुचला. मूळचा मनोरा जुलै १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाला आणि १९५२ मध्ये तो पुन्हा जसाच्या तसा उभारला गेला. त्याच्या पायथ्याशी सुमारे ७,००० माणसे बसू शकतील एवढे बिअरगार्टन आहे, आणि शनिवार-रविवारी मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावर पितळी वाद्यांचा ताफा वाजत असतो. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या बाकावर एक आजी नातवाला मुळ्याच्या चकत्या भरवत होत्या, पलीकडे दोन पोस्टमन गणवेशातच जेवत होते, आणि एका टेबलावर कुणीतरी घरून आणलेला चौकटीचा टेबलक्लॉथ अंथरून, त्यावर डबे मांडून, वाढदिवस साजरा करत होते. आईने ते पाहिले आणि बहिणीला हळूच विचारले, "घरचे खाल्लेले चालते इथे?"

चालते. नुसते चालते असे नाही, तो तिथला दोनशे वर्षांपूर्वीचा हक्क आहे, आणि त्या हक्कामागची हकीकत मला सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची वाटली.

बव्हेरियात १५३९ पासून बिअर गाळण्याची मुदत ठरलेली होती : २९ सप्टेंबरच्या संत मिखाएलच्या दिवसापासून २३ एप्रिलच्या संत गेओर्गच्या दिवसापर्यंत. उन्हाळ्यात भट्ट्या पेटवल्या तर आगीचा धोका होता, आणि तिथल्या पद्धतीच्या बिअरला आंबताना थंडावा लागत असल्यामुळे उन्हाळ्यातली बिअर बिघडतही असे. म्हणून उन्हाळ्यात पुरेल एवढी बिअर हिवाळ्याअखेर करून ठेवणे भाग होते. ती साठवण्यासाठी उत्पादकांनी शहराबाहेर, इसारकाठच्या उंचवट्यांवर खोल तळघरे खणली, त्यांत तळ्यांवरून कापून आणलेला बर्फ भरला, वरच्या जमिनीवर खडी पसरली आणि तिच्यावर हॉर्स चेस्टनटची झाडे लावली. या झाडाची पाने हाताच्या पंजासारखी रुंद, सावली दाट आणि मुळे उथळ. त्यामुळे ऊन खाली पोहोचत नाही आणि तळघराच्या कमानींनाही धक्का लागत नाही. गार खडी, गर्द सावली आणि पायाखाली बिअर असल्यावर लोक तिथेच पिऊ लागले. शहरातल्या खाणावळवाल्यांचे गिऱ्हाईक तुटले आणि त्यांनी राजाकडे दाद मागितली. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला मॅक्सिमिलियान योसेफ याने निवाडा दिला, की उत्पादकांनी उन्हाळ्यात आपल्या तळघरांवर बिअर विकावी, मात्र पावाखेरीज खाण्याचे काहीही देऊ नये. मग लोक घरून शिदोरी आणू लागले.

पुढे खाणे विकण्यावरची बंदी गेली, पण शिदोरीची रीत राहिली. दुसऱ्या दिवसापासून आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी न्युम्फेनबुर्ग राजवाड्याच्या मागच्या उद्यानात तीन तास रमतगमत हिंडलो. राजवाड्याच्या दालनांना तिकीट आहे, उद्यानाला नाही. राजवाड्याजवळची बाग आखीव-रेखीव फ्रेंच वळणाची आहे, तर तिच्या दोन्ही बाजूंचा मोठा भाग त्याच श्केलने नंतर मोकळ्या इंग्लिश पद्धतीने बदलला. आदल्या दिवशी इंग्लिशर गार्टन पाहिलेले असल्यामुळे तो हात आम्हाला ओळखू आला, याचा आनंद वेगळाच होता.

तिथून दक्षिणेला चालत गेले की हिर्शगार्टन लागते. १७८० मध्ये कार्ल थिओडोरने हरणे राखण्यासाठी केलेली ही बाग आहे, आणि आजही कुंपणापलीकडे हरणे चरताना दिसतात. इथल्या बिअरगार्टनमध्ये सुमारे ८,००० माणसे बसतात. बव्हेरियातले सर्वांत मोठे म्हणून ते ओळखले जाते. रीत अशी, की रांगेच्या तोंडाशी लावलेल्या मांडणीवरून आपला काचेचा मग आपणच उचलायचा, शेजारच्या गार पाण्याच्या हौदात तो विसळायचा आणि मग पुढे जायचे. एका मगात पूर्ण एक लिटर बिअर येते आणि त्याला 'मास' म्हणतात. तो रिकामा मगसुद्धा इतका जड असतो, की आईने लिंबाच्या सरबताचा मग दोन्ही हातांनी धरला होता. आमच्या समोर बसलेल्या वृद्ध जोडप्याने दशमीचा तुकडा चाखला, स्वतःच्या डब्यातला मुळा पुढे केला, आणि पुढचा तासभर बहिणीच्या दुभाषेपणाने दोन्ही बाजूंनी बागकामाच्या गोष्टी चालल्या.

तिसऱ्या दिवशी पाऊस होता, त्यामुळे फारसे सांगण्यासारखे नाही. १८०७ पासून भरणाऱ्या व्हिक्टुआलिएनमार्क्ट या बाजारात भाज्या, मध आणि चीज पाहत हिंडलो. बाजाराच्या मधल्या बिअरगार्टनमध्ये शहरातल्या सहा जुन्या उत्पादकांची बिअर आळीपाळीने लावतात, एवढे नोंदवून ठेवतो.

चौथ्या दिवशी फ्रायझिंग आणि पाचव्या दिवशी आउगुस्टिनर-केलर. त्यांच्याबद्दल कुणी विचारले तर प्रतिसादात लिहीन. इथले जे सभासद त्या भागात राहतात, त्यांनी कृपया भर घालावी.

इसारकाठ

फार मनापासून लिहिले आहे. मी गेली अकरा वर्षे म्युनिकमध्ये राहतो आणि आपण ज्याला हक्क म्हटले आहे, त्याला आज कायद्याचाही आधार आहे, म्हणून थोडी भर घालतो.

शहराच्या दक्षिणेला, इसारच्या उंच काठावर वाल्डविर्टशाफ्ट नावाचे जुने बिअरगार्टन आहे. तिथे जाझ वाजते. शेजाऱ्यांनी आवाजाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १९९५ मध्ये ते रात्री साडेनऊलाच बंद करावे, असा आदेश झाला. जूनमध्ये त्या वेळी धड अंधारही पडलेला नसतो. १२ मे १९९५ रोजी सुमारे २५,००० लोक म्युनिकच्या रस्त्यांवर उतरले. त्या दिवसाला इथे 'बिअरगार्टन क्रांती' म्हणतात. राज्य सरकारने तातडीने नियम केले, ते पुढे न्यायालयात टिकले नाहीत, आणि मग १९९९ मध्ये आजची नियमावली आली. तिच्यानुसार संगीत रात्री दहाला थांबते, शेवटचे पेय साडेदहाला मिळते आणि अकराला बाग बंद होते. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की खरे बिअरगार्टन कोणते हेही तिच्यात सांगितले आहे : बागेसारखे मोकळे स्वरूप, आणि स्वतःचे खाणे आणून खाण्याची मुभा. ही दोन लक्षणे नसतील, तर रस्त्यावर चार बाक मांडून वर पाटी लावलेल्या जागेला त्या नियमावलीतल्या सवलती मिळत नाहीत.

नव्याने येणाऱ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. ज्या टेबलांवर कापड अंथरलेले असते तिथे वाढपी येतात आणि तिथे घरचे खाणे काढू नये. उघड्या लाकडी टेबलांचा भाग स्वयंसेवेचा, तिथे खुशाल डबा उघडावा. पेय मात्र तिथलेच घ्यावे लागते. काही टेबलांवर 'श्टामटिश' अशी पाटी असते. ती नेहमीच्या मंडळींची राखीव जागा आहे. बाकी कुठेही, टेबल अर्धे भरलेले असले तरी, "इस्ट हिअर नोख फ्राय?" म्हणजे "इथे जागा मोकळी आहे का?" असे विचारून बसावे. मगासाठी अनामत घेतात आणि सोबत एक बिल्ला देतात. तो सांभाळावा, मगाबरोबर परत करावा. 

आपले बाबा पाटबंधारे खात्यातले आहेत, हे वाचून मात्र एक राहून गेले असे वाटले. फ्लाउखर पाहायला हवे होते. एकोणिसाव्या शतकात इसारला सरळ कालव्यासारखे बांधून टाकले होते. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरच्या पट्ट्यात दगडी काठ काढले, पात्र रुंद केले, खडीची बेटे पुन्हा तयार होऊ दिली. पुराच्या पाण्याला जागा मिळाली आणि लोकांना नदीत उतरता येऊ लागले. फ्लाउखरचे बिअरगार्टन त्याच पट्ट्यात, झाडीत आहे. आधी तासभर गोट्यांवर बसून पाय पाण्यात सोडावेत, मग वर जावे. फक्त तिथे काही ठिकाणी लोक विवस्त्र ऊन खात पडलेले असतात आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही, हे वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

सुगरण

घाटवाट, आपल्या आईंनी दशम्या नेल्या हे वाचून फार बरे वाटले. माझे सासू-सासरे पुढच्या वर्षी येणार आहेत. दोघेही शाकाहारी, सासूबाई अंडेही खात नाहीत. घरून नेलेच तर प्रश्न नाही, पण तिथले काही चाखायचे असेल तर काय घ्यावे? आणि तो मुळा नेमका कसा देतात?

घाटवाट

ताई, मुळ्यापासून सुरुवात करतो, कारण आईला तोच सर्वांत आवडला. तिथे त्याला 'राडी' म्हणतात. चांगला मनगटाएवढा पांढरा मुळा घेऊन, पिळदार माळेसारखा न तुटता कापतात, मीठ चोळतात आणि पाणी सुटेपर्यंत ठेवतात. मुळा रडला पाहिजे, असे तिथले लोक म्हणतात. त्याने तिखटपणा उतरतो. आपण कोशिंबिरीसाठी मुळा किसून, मीठ लावून पिळतो, त्याचाच हा दुसरा प्रकार. सोबत लोणी लावलेली भाकरीएवढी ब्रेत्सेल, म्हणजे पीळ देऊन भाजलेला खारा पाव, घेतली की एका माणसाचे पोट भरते.

ओबात्स्दा नावाचे एक चीजचे लिंपण मिळते. पिकलेले कॅमेम्बेर चीज लोण्याबरोबर कुस्करून त्यात कांदा, लाल पापरिका आणि शहाजिऱ्यासारखी क्युमल घालतात. त्यात बहुतेक ठिकाणी थोडी बिअरही घालतात, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले, म्हणून मद्य न घेणाऱ्यांनी विचारून घ्यावे. बटाट्याचे किसून तळलेले राइबरडाची हे सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर देतात, पण त्यात अंडे असते. केझश्पेट्सले या चीजमध्ये घोळलेल्या शेवयांतही असते. बव्हेरियन बटाट्याची कोशिंबीर दिसायला निरुपद्रवी असली तरी पुष्कळदा मांसाच्या गरम रश्श्यात मुरवलेली असते. ब्रेत्सेलच्या कणकेतही काही बेकऱ्या चरबी घालतात. म्हणजे अंडे न खाणाऱ्यांसाठी मुळा, ब्रेत्सेल विचारून, आणि बाकी घरची शिदोरी, हेच उत्तम.

प्यायला आपफेलशोर्ले, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, सगळीकडे मिळते. बाबांनी पाचही दिवस तेच घेतले.

माल्टघर

मी बार्लीला मोड आणण्याच्या, म्हणजे माल्टच्या व्यवसायात आहे आणि शिक्षणाच्या काळात काही महिने त्या भागात होतो. मूळ लेखात 'तिथल्या पद्धतीच्या बिअरला थंडावा लागतो' असे एका वाक्यात आले आहे; ते थोडे उलगडून सांगावेसे वाटते, कारण बिअरगार्टनचा सगळा इतिहास त्या एका गोष्टीवर उभा आहे.

बव्हेरियात रुळलेले यीस्ट आंबवण अखेरीस तळाशी बसते आणि साधारण ४ ते ९ अंश सेल्सिअसला नीट काम करते. वरच्या थराशी काम करणारे दुसरे यीस्ट १५ ते २० अंशांना चालते; गव्हाची बिअर, कोलोनची कोल्श, ड्युसेलडॉर्फची आल्ट ही त्याची उदाहरणे. तळाच्या यीस्टची बिअर स्वच्छ, टिकाऊ आणि सौम्य होते, पण ती आठवडे, कधी महिने थंड जागी मुरवावी लागते. साठवण या अर्थाच्या 'लागर' या जर्मन शब्दावरूनच तिला लागर हे नाव आहे. मार्चमध्ये, मुदत संपत आली असताना, उन्हाळाभर टिकावी म्हणून जरा कडक बिअर गाळत. तिचे नाव मेर्झेन, म्हणजे मार्चची. १८१२ च्या निवाड्यातली बिअर हीच.

१८७० च्या दशकात म्युनिकच्या तंत्रशाळेतले प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांनी श्पाटेन या उत्पादकाच्या मदतीने शीतयंत्र विकसित केले, आणि थंडीसाठी तळघरावर अवलंबून राहण्याची गरज हळूहळू संपली. आज आपल्या स्वयंपाकघरात जो फ्रिज आहे, त्याच्या वंशावळीत म्युनिकची बिअर आहे, हे मला विद्यार्थी असताना कळले तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो होतो. तळघरे रिकामी झाली. वरची झाडे मात्र कुणी तोडली नाहीत.

शुद्धतेच्या कायद्याबद्दल तिथे प्रत्येक पाटीवर वाचायला मिळते. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाटमध्ये जाहीर झालेल्या त्या आदेशात बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले) आणि पाणी एवढेच घटक आहेत. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण त्याचे काम तेव्हा कुणाला उमगलेले नव्हते. आणि त्या आदेशाचा मोठा भाग बिअरच्या दरांविषयी आहे. गहू पावासाठी राखला जावा, हाही त्यामागे एक हेतू मानतात.

घाटवाट, फ्रायझिंगबद्दल लिहाच.

घाटवाट

फार सुंदर माहिती. फ्रिजची गोष्ट बाबांना आजच वाचून दाखवली.

फ्रायझिंग म्युनिकच्या उत्तरेला आहे. एस-१ या लोकलने मुख्य स्थानकावरून साधारण पाऊण तासात पोहोचता येते. गावाच्या एका टेकडीवर कॅथेड्रल आणि समोरच्या टेकडीवर वाइहेनश्टेफान. पूर्वी तिथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता, १८०३ मध्ये मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या आणि आज तिथला बिअरचा कारखाना बव्हेरिया राज्याच्या मालकीचा आहे. १०४० च्या सनदेच्या आधारावर तो स्वतःला जगातला सर्वांत जुना चालू कारखाना म्हणवतो. इतिहासकारांना त्या सनदेचा अस्सलपणा मान्य नाही. मला तो वाद दुय्यम वाटला. शेजारीच म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाचा परिसर आहे, आणि जिथे साधू बिअर गाळत होते तिथे आज जगभरातले विद्यार्थी तिचे शास्त्र शिकायला येतात, ही सलगता मला अधिक भावली. टेकडीच्या उतारावर वाइहेनश्टेफानच्या प्रयोगाच्या फुलबागा आहेत आणि त्या सर्वांसाठी खुल्या आहेत. आई तिथे दोन तास होती. मी कारखाना पाहून येईपर्यंत तिने बहिणीकडून निम्म्या रोपांची नावे लिहून घेतली होती. कारखाना पाहण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते.

पाऊलवाट

माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो कुणाला दुखावण्यासाठी नाही. आमच्या घरात मद्यामुळे एक माणूस गेला. मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाण्याची कल्पना मला अजून पचत नाही. तिथे मुले असतात असे सगळे लिहितात. पण संध्याकाळ होत जाते तसे वातावरण कसे असते? आणि मुलांना बिअर देतात का?

इसारकाठ

आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे.

जर्मनीत बिअर आणि वाइन विकत घेण्याचे वय १६ आहे, आणि पालक सोबत असतील तर १४ व्या वर्षापासूनही पिण्याची मुभा आहे. ही सवलत काढून टाकावी, असे म्हणणारे इथेही बरेच आहेत आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे. मद्याने उद्ध्वस्त झालेली घरे इथेही आहेत. बिअरला इथे 'पातळ पाव' म्हणून जो मान मिळतो, त्यामुळे ते दुःख पुष्कळदा झाकलेले राहते. मी माझ्या शेजारी हे जवळून पाहिले आहे.

वातावरणाचे म्हणाल, तर दुपारी बारा ते संध्याकाळी सात ही वेळ कुटुंबांची असते. मोठ्या बागांमध्ये घसरगुंडी आणि झोके अशा जागी असतात, की आई-वडिलांना बसल्या जागेवरून मूल दिसते. त्यानंतर, विशेषतः शुक्रवारी आणि शनिवारी, आवाज वाढतो. मी स्वतः मुलींना घेऊन साडेसातच्या आत निघतो. गाड्यांसाठी दारूच्या मर्यादेची तपासणी कडक असते, सायकलस्वारालाही रक्तात हजारी १.६ च्या वर मद्य सापडले तर तो फौजदारी गुन्हा ठरतो, त्यामुळे बहुतेक लोक लोकलने येतात.

आपल्याला जायचेच असेल, तर पहिल्यांदा वेस्टपार्कला जा, असे सुचवीन. १९८३ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरले होते. नेपाळी कारागिरांनी कोरलेला लाकडी पॅगोडा, तळ्यातला थाई मंडप, चिनी आणि जपानी बागा त्या वेळच्याच आहेत. प्रदर्शन संपल्यावरही ते सगळे जागेवर ठेवले. गुलाबाच्या बागेजवळ छोटे बिअरगार्टन आहे. तिथे केक आणि कॉफी घेऊन बसणारेच दुपारी अधिक दिसतात. मन झाले नाही, तर पॅगोड्याजवळ बसूनही ती दुपार पूर्ण होईल.

पाऊलवाट

इतके समजून घेऊन उत्तर दिल्याबद्दल मनापासून आभार. नेपाळी पॅगोडा मुलांना नक्की दाखवीन. बाकीचे तिथे गेल्यावर ठरवेन.

रेग्नित्झ

बव्हेरिया म्हणजे फक्त म्युनिक नव्हे, एवढे सांगण्यासाठी लिहितो. मी फ्रांकोनियात, बामबेर्गजवळ राहतो. आमच्याकडे लोक बिअरगार्टनमध्ये जात नाहीत. ते 'केलरवर' जातात. तळघरात नव्हे, तळघरावर. टेकडीच्या पोटात बिअर आणि तिच्या डोक्यावर बाक, हे मूळ नाते त्या एका प्रत्ययात जिवंत राहिले आहे. बामबेर्गच्या श्पेत्झियाल-केलरवरून जुन्या गावाची छपरे आणि कॅथेड्रलचे चार मनोरे दिसतात. हे जुने गाव १९९३ पासून जागतिक वारसा आहे. इथे अर्ध्या लिटरचा मग चालतो, आणि बीचच्या लाकडावर धुरी दिलेल्या माल्टची राउखबिअर मिळते. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्यापासून आवडू लागते. संथ प्रवासच करायचा असेल, तर म्युनिकमधला एक दिवस कमी करून इथे एक रात्र राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुक्कामी

घाटवाट, पाचव्या दिवसाचे राहिले. शिवाय दोन व्यावहारिक प्रश्न : साधारण कोणत्या महिन्यात यावे, आणि ज्येष्ठांना बसायला त्रास होत नाही का? माझ्या आईचे गुडघे दुखतात.

घाटवाट

पाचव्या दिवशी आम्ही मुख्य स्थानकाजवळच्या आउगुस्टिनर-केलरला गेलो. आउगुस्टिनर हा म्युनिकचा सर्वांत जुना उत्पादक मानला जातो. ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी तो १३२८ मध्ये सुरू केला, असे सांगतात, आणि आज त्याची बहुतांश मालकी एका धर्मादाय न्यासाकडे आहे. शंभरहून अधिक चेस्टनट एकत्र उभे असलेली ही जागा स्थानकापासून इतकी जवळ असूनही, आत शिरल्यावर गाड्यांचा आवाज पानांतच विरतो. तिथे बिअर अजून लाकडी पिंपातून देतात आणि नवे पिंप लावले की घंटा वाजवतात. बाबांनी पाच दिवसांत पहिल्यांदाच जुन्या तळघरात उतरून बघण्याची इच्छा व्यक्त केली. आज तिथे जेवणाची दालने आहेत. भर दुपारी, बाहेर तीस अंश असताना, त्या विटांच्या कमानीखाली त्यांनी भिंतीला हात लावला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. वर आल्यावर त्यांनी बाकाखालच्या खडीचा थर किती जाड असेल, याचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि तो विषय विमानात बसेपर्यंत चालला.

महिन्यांविषयी : मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत उत्तम. मेच्या सुरुवातीला चेस्टनट फुलतो, पांढऱ्या उभ्या तुऱ्यांनी झाडे भरतात. ऑगस्टमध्ये पाने तपकिरी पडलेली दिसली, तर ती पानगळ समजू नका; पानांच्या आत बोगदे करणाऱ्या एका पतंगाच्या अळीचा तो उपद्रव आहे आणि बागांचे कर्मचारी दर हेमंतात पडलेली पाने गोळा करून त्याच्याशी झगडत असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो आणि राहण्याचे दर फार चढतात. ज्यांना निवांत हिंडायचे आहे त्यांनी त्याच्या आधीच परत निघावे. आणखी एक, रविवारी किराणा दुकाने बंद असतात, तेव्हा शिदोरीची तयारी शनिवारीच करावी.

बसण्याचा त्रास मात्र खराच आहे. लांब घडीच्या बाकांना पाठ नसते, बसताना पाय ओलांडून आत घ्यावा लागतो, आणि एका बागेत आईला उठताना चांगलाच झोक गेला होता. त्यानंतर आम्ही नेहमी बाकाचे टोक धरू लागलो, म्हणजे पाय ओलांडावा लागत नाही. पाठ असलेले पक्के लाकडी बाक बहुधा कडेला, झाडांच्या बुंध्यांजवळ असतात. बाराच्या आत पोहोचलात तर ते मिळतात. फळ्या खडबडीत असतात, तेव्हा घरून एक पातळ उशी घ्यावी. आणि आपण फ्रायझिंगला जाणार असाल तर एस-१ मध्ये बसताना डब्यावरची पाटी वाचून बसा, कारण नोयफार्न स्थानकावर गाडीचे दोन भाग होतात : एक भाग फ्रायझिंगला जातो आणि दुसरा विमानतळावर. आम्ही दुसऱ्या भागात बसलो होतो.